सोनघाटच्या डोहातली जटा

दिवेलागणीची वेळ होती आणि सोनघाटच्या डोहाकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. सावली, मूल, पार गोंडपिपरी या गावांकडून आलेल्या बैलगाड्या सुटल्या होत्या. बैल वाळूत बसून निवांत रवंथ करत होते आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून पाण्याकडे बघत होती. राळेच्या धुराने सगळ्यांचे डोळे पाणावले होते, त्यामुळे भक्ती कोणाची आणि धूर कोणाचा हे सांगणं कठीण होतं.

"सुनो, भाविकहो!" उंच दगडावर उभे राहून जलज्योत महाराज गरजले. "ही साधी नदी नाही, ही वैनगंगा माई आहे! माईच्या पोटात ज्योत आहे! आईच्या पोटातली माया दिसते का? नाही दिसत. पण हाक मारली की धावते ना? आता मी हाक मारतो. ज्याच्या मनात शंका असेल त्याने मागे सरावं. शंकेखोराचं तोंड जळते!"

गर्दीतले गुणवंतराव दोन पावलं मागे सरले. मागच्या बाईला दिसावं म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

महाराजांनी लांब बांबू डोहात खोल खुपसला आणि मंत्र म्हणत घुसळला. तळातून गुडगुड असा आवाज आला, पाण्यावर बुडबुड्यांचा सडा पडला. एका चेल्याने पेटता टेंभा खाली धरला, आणि काय सांगावं! भप्पकन एक निळीपिवळी ज्योत पाण्यावरून सरकत गेली आणि विझली. पाणी पेटलं! हजार कंठांतून जयजयकार उठला. बायांनी कपाळं वाळूला टेकवली.

गुणवंतरावांचेही हात जोडले गेले. लक्षात येताच त्यांनी ते थंडी वाजल्यासारखे एकमेकांवर चोळले आणि आजूबाजूला बघून घेतलं. कोणी पाहिलं नव्हतं.

गुणवंतराव हे त्या भागाचे आरोग्य निरीक्षक. गाव मूळचं वर्ध्याकडचं, शिक्षण विज्ञान शाखेचं, आणि स्वतःच्या चिकित्सक बुद्धीबद्दल मत फार चांगलं. त्या मताला जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा दुजोरा नव्हता. दोन वर्षांपूर्वी चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, साहेब मात्र त्याच डुगडुगत्या खुर्चीत राहिले. पटकीची साथ आली की ते गावात लस टोचायला येत, म्हणून लोक त्यांना हैजासाहेब म्हणत. ते दिसले की लेकरं लपत आणि म्हातारे विचारत, "कोन गेला?"

"वास येते?" महाराज पुढे विचारत होते. "येणारच! हा वास पाण्याचा नाही, तुमच्या पापाचा आहे! जेवढं पाप तेवढा वास!"

त्या क्षणापासून त्या गर्दीत एकालाही वास येईना. गुणवंतरावांना मात्र नाक फाटेल इतका येत होता, म्हणून तेही गप्प राहिले. काठाला मेलेल्या मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या. त्यांच्याबद्दल महाराजांनी आधीच खुलासा केला होता की त्या मोक्षाला गेल्या.

पौषात महाराज आले तेव्हापासून रोज लोक डोहात बुडी मारत होते आणि तीन ओंजळी पाणी पीत होते. पट्टीची पोहणारी ढिवरांची पोरं लाल डोळे घेऊन फिरत होती, अर्ध्या गावाच्या अंगाला खाज सुटली होती, आणि वरच्या टोल्यावरच्या वस्तीत हगवण सुरू झाली होती. महाराज म्हणत, पाप निघून राह्यलं. खाजवणारा माणूसही मग अभिमानाने खाजवी. आणि खरी बुडी तर अजून पुढेच होती. माघी पौर्णिमेला सोनघाटची जत्रा. नवसाचे लोक त्या दिवशी डोह पोहून पार करतात, त्यांच्यामागून सारी जत्रा पाण्यात उतरते.

"मी पण जाणार आहे," गुणवंतराव घरी आल्या आल्या त्यांच्या बायकोने, आशाबाईंनी, सांगून टाकलं.

गुणवंतरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आशाबाईंना दिवस गेले होते आणि आता सातवा सरत आला होता. घरात कोणी मोठ्याने शिंकलं तरी गुणवंतराव धावत येत.

"त्या पाण्यात? अगं, तिथे जंतू आहेत!"

"तुम्ही पाह्यले?"

"जंतू दिसत नसतात."

"मग ज्योत तरी दिसते," आशाबाई म्हणाल्या. त्या भांडत नव्हत्या. आवाज बारीक झाला होता. "आधीची दोन पोटातच गेली. तेव्हा तुमचं सारं शास्त्र घरातच होतं. मी नवस बोलली आहे. आता नाई गेली आणि काही झालं, तर मी कोणाकडे पाहू?"

ती दोन्ही दुःखं गुणवंतरावांचीही होती, पण ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. त्यांना एकच गोष्ट लख्ख दिसत होती. ही बाई त्या पाण्याच्या तीन ओंजळी प्याली आणि हिला हगवण लागली, तर सातव्या महिन्यात आईही जाऊ शकते आणि बाळही.

"आशा, नको जाऊ."

"पाणी कसं पेटते ते सांगा. मले पटलं तर नाई जात."

झालं! सगळ्या तालुक्याच्या विहिरी ज्याच्या हुकमाने उघडत आणि बंद होत, त्या साहेबाला घरच्या स्वयंपाकघरात परीक्षेला बसवलं गेलं, आणि प्रश्न नेमका न येणारा निघाला.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी उकळून घेतलेल्या बाटलीत डोहाचं पाणी भरलं आणि शिपाई वारलूबरोबर नागपूरच्या प्रयोगशाळेकडे रवाना केलं. पोहण्याच्या पाण्याची पारख कशी करतात हे त्यांना पाठ होतं. माणसाच्या आतड्यात राहणारे जंतू पाण्यात सापडले की समजायचं, इथे माणसाची घाण मिसळते आहे, आणि घाणीमागून हगवण, पटकी, विषमज्वर यांनाही वाट मोकळी आहे. जंतू मोजायचे, घाण कुठून येते ते शोधायचं, ती वाट बंद करायची, आणि पाणी निवळेपर्यंत माणसाला बाहेर ठेवायचं. सारं कसं सरळ! फक्त जंतू मोजून उत्तर यायला जितका वेळ लागतो, तितक्यात जत्रा होऊन गेलेली असणार होती.

"मग तोवर का कराचं, साहेब?" परत आलेल्या वारलूने विचारलं.

"तोवर लोकांना डोळ्यांनी दाखवायचं," साहेब म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

प्रयोग खरोखर सुंदर होता. विहिरीत टाकतात ती लाल दवा पाण्यात घातली की पाणी गुलाबी होतं. पाणी स्वच्छ असेल तर गुलाबी रंग टिकतो. पाण्यात कुजकं असेल तर त्या कुजक्याशी लढताना दवा संपते आणि रंग उडतो. गुणवंतरावांनी डोहाकाठी, भर गर्दीत, टेबल मांडलं. त्यावर काचेचे दोन पेले. एकात झिऱ्याचं पाणी. नदीच्या वाळूत खड्डा खणून त्यात पाझरून आलेलं पाणी सोनघाटचे लोक पिढ्यान् पिढ्या पीत आले आहेत, वाळूच ते गाळून देते. दुसऱ्यात डोहाचं. दोन्हींत लाल दवेचे थेंब पडले, दोन्ही गुलाबी झाले.

"आता बघा!" साहेब पुस्तकी मराठीत म्हणाले. "जे पाणी दूषित असेल, त्याचा वर्ण लोप पावेल!"

लोक बघत राहिले. झिऱ्याचं पाणी गुलाबाच्या फुलासारखं राहिलं. डोहाच्या पाण्याचा रंग मरत मरत गेला आणि मातकट उरला.

"पाहिलंत?" साहेबांनी विजयाने हात वर केला.

"पाह्यलं!" पहिल्या रांगेतून मासळी विकणाऱ्या रुखमाबाई ढिवर ओरडल्या. "झिऱ्याच्या पान्याले तुमची दवा भारी पडली जी! डोहानं पचवली!"

"नाही, नाही, तसं नव्हे..."

"जहर पचवलं!" महाराज दगडावर ताडकन उभे राहिले. असला माणूस अशी संधी सोडतो होय? "सरकारने माईला लाल जहर पाजलं, माईने गटकन पचवलं! समुद्राचं विष कोणी पचवलं होतं? शंभूने! बोला, हर हर महादेव!"

"हर हर महादेव!"

टेबल उलटलं नाही, पेलेही फुटले नाहीत. लोक चांगले होते. त्यांनी उलट साहेबांचे आभार मानले, कारण इतका मोठा पुरावा आजवर कोणी दिला नव्हता. एका म्हाताऱ्याने तर उरलेली लाल दवा मागितली, घरच्या देवाची शक्ती तपासायला. विज्ञानाची बाजू घेऊन आलेल्या माणसाने एका पेल्यात महाराजांचे भक्त दुप्पट करून दाखवले होते.

परत जाताना गुणवंतरावांनी मुद्दामच मुख्य रस्ता टाळला आणि बोडीच्या पाळीवरून चालू लागले. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. यंदा पाऊस कमी झाला होता, बोडीत गुडघाभर पाणी आणि त्याखाली कंबरभर चिखल उरला होता. सूर्य बुडाला होता. साहेब वारलूला व्याख्यान देत चालले होते.

"समाजाची दृष्टी, वारलू, पायाखाली नसते. ती..."

एवढं बोलून ते घसरले आणि थेट बोडीत गेले. चिखल कमरेला लागला, चष्मा कुठेतरी उडाला, आणि असा घाणेरडा वास सुटला की राळसुद्धा कमी पडली असती.

"साहेब! जित्ते हाय का जी?"

"चष्मा बघ आधी!"

बिचाऱ्या वारलूने पाळीवरून वाकून आगकाडी ओढली. साहेब चिखलात हातपाय मारत होते, त्यांच्याभोवती गुडगुड गुडगुड बुडबुडे फुटत होते. आगकाडी खाली आली आणि भप्पकन ज्योत उठली. निळीपिवळी. साहेबांच्या नाकाखालून सरकली आणि विझली. केस जळल्याचा वास आला. डाव्या बाजूची अर्धी मिशी गेली होती.

महाराजांनी सांगितलंच होतं, शंकेखोराचं तोंड जळते.

वारलूने भीतीने हात जोडले. मग चिखलातून हसण्याचा आवाज आला. आधी हळू, मग मोठ्याने.

"वारल्या, आणखी पेटव!" साहेबांची पुस्तकी मराठी चिखलात गळून पडली होती. "अबे पेटव ना लवकर!"

तीन वेळा पेटवलं, तीनदा ज्योत निघाली, आणि तिसरीच्या उजेडात चष्माही सापडला. मंत्र नव्हता, महाराज नव्हते, वैनगंगा माई कोसभर दूर होती. साहेबांनी तळात हात घातला आणि काळी, लिबलिबीत काडी वर काढली. "हे काय आहे?"

"अंबाडी होय जी. मांगच्या सालची राह्यली असन."

आता हे वर्ध्याच्या माणसालाही ठाऊक होतं. धानाच्या बांधावर अंबाडी लावतात. कापली की पेंड्या बांधून, वर दगड ठेवून पाण्यात कुजत घालतात. साल सुटते, तिचे धागे निघतात, त्यांची दोरी वळतात. पाण्याखाली हवा न लागता जे कुजतं त्यातून जळाऊ वायू निघतो, हेही त्यांनी कॉलेजात शिकून परीक्षेत लिहिलं होतं. त्याचे त्यांना गुणही मिळाले होते. पण ते आठवायला मिशी जाळावी लागली!

"वारलू, यंदा बोडीत पाणी नाही. मग गावाने अंबाडी कुठे भिजवली?"

वारलूने आगपेटी खिशात घातली.

"काऊन गप्प बसला?"

"साहेब, तुमीच सांगतलं होतं ना, पाळन्याले घरची दोरी पायजे म्हून..." वारलू पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "बोडीत पानी नोहतं. म्या... एकच पेंडी घातली जी डोहात. तुमची."

गुणवंतरावांनी हातातली काळी काडी पुन्हा चिखलात सोडून दिली. डोहाला सोनघाटच्या जुन्या लोकांचा कडक नेम होता: डोहात ढोर घालायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, सन-अंबाडी तर नाहीच नाही, कारण गावाची लेकरं तिथे पोहतात. नेम मोडला तर गावाला जेवण घालायचं. जंतू न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनी पोहण्याचं पाणी असं राखलं होतं, आणि जंतूंवर भाषण देणाऱ्या साहेबाची पेंडी त्यात कुजत होती.

"एका पेंडीने एवढी ज्योत निघत नाही, वारलू. बाकीच्या कोणाच्या?"

"मले का माहीत? मी अंधारात घालाले गेलो, तं कोनाच्या तरी पेंडीवर पाय पडला. म्या काई म्हटलं नाई. म्हनलं असतं तं माई पेंडी बी सांगा लागली असती."

मग सगळं उलगडलं. प्रत्येक घराने एक-दोन पेंड्या चोरून डोहात बुडवल्या होत्या. प्रत्येकाला वाटत होतं, एवढ्या मोठ्या डोहाला माझ्या एका पेंडीने काय होतं! पौषात काढायच्या, तर तेवढ्यात महाराज आले. कुठेतरी बुडबुडा पेटलेला त्यांनी पाहिला असणार, बाकीचं तोंडाने जमवलं. डोह पवित्र झाला. आता पेंडी काढायला उतरणार कोण? उतरला तो चोर ठरणार. म्हणून अख्खं गाव गप्प बसलं, आपापल्या कुजक्या अंबाडीला नमस्कार करत बसलं.

घरी आशाबाईंनी दार उघडलं आणि अर्ध्या मिशीकडे बघून तोंडाला पदर लावला. गुणवंतरावांनी सगळं सांगितलं, पेंडीसकट.

"मले सांगता," त्या म्हणाल्या, "पण गावाला सांगाल का? तिथे बुडी मारणाऱ्या सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या बायकाच आहेत."

पौर्णिमेच्या संध्याकाळी जत्रा फुलली होती. नवसाचे पोहणारे लंगोट कसून उभे होते. आशाबाई बायकांच्या रांगेत नारळ घेऊन उभ्या होत्या. पटलं तरच फिरणार, असं सांगून त्या आल्या होत्या. महाराजांनी बांबू उचलला, आणि तेवढ्यात गर्दीतून अर्ध्या मिशीचे हैजासाहेब पुढे आले. धोतर वर खोचलेलं, एका हातात बांबू, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वारलूच्या हातात. कारण साहेबांना पोहता येत नव्हतं.

"महाराज, आज ज्योत मी काढतो," ते म्हणाले आणि काठच्या उथळ पाण्यात उतरले. "मंत्रही माझाच."

त्यांनी बांबू खुपसला आणि मोठ्याने मंत्र सुरू केला: "मीठ, मिरची, हळद, तांदूळ! जिरं, मोहरी, गूळ, चहापत्ती!"

गुडगुड, गुडगुड. वारलूने टेंभा पुढे केला. भप्पकन पाणी पेटलं, आणि महाराजांच्या ज्योतीपेक्षा ही हातभर मोठी होती.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, तोच मागून कोणीतरी किंचाळलं, "साहेबाले सिद्धी झाली!" आणि लोक धपाधप वाळूत आडवे पडू लागले. "हैजामहाराज की जय!" एका बाईने आपलं रडतं लेकरू त्यांच्या पायाशी आणून ठेवलं. जी लेकरं त्यांना बघून पळत, त्यांतलंच ते एक होतं.

आणि खरं सांगायचं, तर गुणवंतरावांना ते आवडलं. अगदी आतून आवडलं. दहा वर्षं गावोगाव हिंडून, घसा कोरडा करून त्यांना कोणी इतका मान दिला नव्हता. आता 'डोहात उतरू नका' एवढं म्हटलं की काम फत्ते! पाण्यातल्या जंतूंबद्दल बोलायचीही गरज नव्हती. उजवा हात आशीर्वादासाठी जवळजवळ उचलला गेला होता.

तेवढ्यात त्यांची नजर आशाबाईंवर गेली. साऱ्या काठावर ती एकच बाई उभी होती आणि डोळे बारीक करून आपल्या नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. हात खाली आला.

"उठा!" गुणवंतराव ओरडले. "उठा रे बाबांनो! मी महाराज नाही, चोर आहे! या डोहात माझ्या घरची अंबाडी कुजत आहे. लेकरांच्या पोहण्याच्या पाण्यात मी घाण केली. तिचाच वास, तिचाच बुडबुडा, आणि पेटतो तो तिचाच वायू. बोडीत असाच पेटला आणि माझी मिशी घेऊन गेला. माझी पेंडी मी आता काढतो."

कोणाला काही कळायच्या आत ते वारलूने दाखवलेल्या जागेकडे आणखी दोन पावलं पुढे गेले, छातीभर पाण्यात, मग गळ्याभर, आणि दिसेनासे झाले. वारलूने दोर ओढला. वर आले ते खोकत, शिंकत, पण हातात काळी लिबलिबीत पेंडी धरूनच. वास सुटला. आता मात्र सगळ्यांनाच आला.

"पापी!" महाराज दगडावरून कडाडले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण जीभ शाबूत होती. "अरे, काय उपटलंस! सालीतून निघालेले हे केस बघा, भाविकहो! ही अंबाडी नाही, ही शंभूची जटा आहे! माईच्या पोटात शंभू बसला आहे आणि हा त्याची जटा उपटतो आहे!"

कुजलेल्या पेंडीतून सालीचे लांब धागे लोंबत होते. दिसत होते खरंच जटेसारखे. गर्दी घुटमळली. दोघातिघांचे हात पुन्हा जुळू लागले. गुणवंतरावांचे दात वाजत होते, आता त्यांच्याकडे एकही प्रयोग शिल्लक नव्हता.

रुखमाबाई पुढे आल्या. पाण्यात उतरल्या, डुबकी मारली आणि दुसरी पेंडी घेऊन वर आल्या. डोक्यावरचं पाणी निथळत त्यांनी ती महाराजांच्या दगडावर आपटली.

"महाराज, शंभूच्या या जटेले माया हिरव्या लुगड्याची चिंधी कोनं बांधली जी?"

पेंडीला खरंच हिरवी चिंधी होती. पहिला कोण हसला ते कळलंच नाही. जत्रा हसली. पोट धरून हसली. साहेबांनी केली, रुखमाबाईंनी केली, आता लाज कशाला? "ते मोठ्या दगडाखालची पेंडी माई!" "चिंचेकडची आमची!" आणि शेवटी लटारू पाटील, गावाचे म्होरके, पागोटं काढून हळूच म्हणाले, "माया तीन हाय."

नवसासाठी लंगोट कसलेले पोहणारे पाण्यात उतरले, पण पार जायला नाही. पेंड्या निघत गेल्या. वाळूवर हा एवढा ढीग झाला. तळ ढवळला तसे बुडबुडे सुटले, टेंभे लावले तसे पेटले. पोट्टे 'मीठ, मिरची, हळद' ओरडून नाचू लागले. या गडबडीत महाराज कुठल्या गाडीत बसून गेले ते कोणी पाहिलं नाही. त्यांना कोणी बोटही लावलं नाही. गाव स्वतःवर हसण्यात गुंतलं होतं.

मग ढिगाजवळ थरथरत उभे राहून गुणवंतरावांनी सरळ सांगितलं, या वेळी साध्या भाषेत. "बाबांनो, कुजकं पोटात जाते तेव्हा हगवण होते, पाप जात नाही. या काठावर रोज शेकडो माणसं बसली, त्यांची घाण पावलापावलाने याच पाण्यात गेली, आणि नदीची धार दूर सरकल्याने हे पाणी वाहून जात नाही. डोह निवळेपर्यंत कोणी पोहायचं नाही. आंघोळ पलीकडे वाहत्या धारेत करा, बायांची वर, त्याखाली माणसांची, आणि ढोरं सगळ्यांच्या खाली. प्यायचं ते झिऱ्याचं, तेही उकळून. आणि मी सांगतो म्हणून ऐकू नका. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, हे कशाने होते? महाराजाला विचारा, मला विचारा, नाही सांगता आलं तर आम्हा दोघांनाही सोडा आणि स्वतः तळाशी हात घालून बघा."

आशाबाईंनी पुढे येऊन नवऱ्याच्या अंगावर शाल टाकली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"हा घरी फोडा," त्या म्हणाल्या. "चटणी करीन."

नेम मोडल्याचा दंड कोणी कोणाकडून घ्यायचा, हा मोठा प्रश्न पडला, कारण सगळेच चोर निघाले. शेवटी घरोघरचे तांदूळ गोळा करून गावाने गावालाच जेवण घातलं. त्याच पंगतीत ठरलं ते पुढच्या आठवड्यात झालं. नदीच्या धारेपासून डोहापर्यंत चर खणला आणि पाणी खेळतं केलं. काठापासून लांब, खालच्या अंगाला संडासाचे खड्डे खणले. डोहावर लाल फडकं लागलं. नागपूरहून पाण्याचं उत्तर आलं तेव्हा पेंड्या कधीच निघाल्या होत्या. पाणी आंघोळीस अयोग्य, असं त्यात होतं. रुखमाबाईंच्या नाकाने तेच पौषात सांगितलं होतं, पण तेव्हा त्या नाकाला पापाची भीती घातली होती. उन्हाळ्यात दुसरी बाटली गेली, तिचं उत्तर चांगलं आलं आणि फडकं पांढरं झालं. ढिवरांची पोरं पुन्हा चिंचेच्या फांदीवरून डोहात उड्या मारू लागली.

गुणवंतरावांना आठ दिवस अंगभर खाज सुटली. त्यांनी ती गपचूप सोसली. पाप निघून राह्यलं का, असं घरातून रोज विचारणं होई, आणि त्यांना नाही म्हणवेना.

वैशाखात आशाबाईंना मुलगी झाली, चांगली धडधाकट आणि रडकी. डोहातली पेंडी पार कुजून गेली होती. पाळण्याला रुखमाबाईंनी आपल्या जुन्या दोरीचं वेटोळं आणून दिलं. त्या कुजक्या पेंडीतल्या चार काड्या मात्र साहेबांनी कचेरीत खुर्चीमागे खिळ्याला टांगल्या, आपण किती हुशार आहोत हे रोज आठवावं म्हणून. कारकुनाने खिडकीजवळ जागा मागून घेतली.

बारशाला सारं सोनघाट आलं. पाळण्याला झोका देता देता रुखमाबाईंनी हळूच विचारलं, "साहेब, एक सांगा. पुढच्या सालची अंबाडी कुठी घालाची?"

"आत्तापासून काळजी?"

"हो तं!" रुखमाबाई म्हणाल्या. "पयले ठरवून ठेवा जी. नाई तं मांगून त्यातून देव निघते."